कुठेही थांबवता येईल असं विणकाम

ताई,

मी पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे, हॉस्टेलवर राहते. सुयांवरचं विणकाम आणि क्रोशा दोन्ही येतं, पण सध्या कपाटात सहा कामं अर्धवट पडली आहेत: दोन टोप्या (गोल सुईवर, ८८ टाके, दोन्ही माथ्यापाशी अडलेल्या), मोज्याचा एक पाय, क्रोशाची बाहुली, चौकोनांचं पांघरूण (१०८ पैकी १९ चौकोन झालेत, प्रत्येकात चार रंग) आणि आईसाठी स्वेटर. स्वेटरची पाठ ११२ टाक्यांची. मधल्या २६ टाक्यांत तीन वेण्या, दोन्ही बाजूंना ४३-४३ टाके साधे. साधारण ७० ओळी झाल्यात, पण सुईवर आता १०९ टाकेच भरतात आणि वेणी कितव्या ओळीवर आहे ते आठवत नाही. वेळ मिळतो तो तुकड्यातुकड्यांनी आणि त्यातला निम्मा "कुठे होते मी?" यातच जातो. सुट्टीच्या आदल्या रात्री मात्र "अजून एकच ओळ" करत दोन वाजतात. परीक्षा आठ आठवड्यांवर आहे, दोन आठवडे चालेल. ती संपल्यावर महिन्याभराने आईचा वाढदिवस. सगळं गुंडाळून ठेवू का? आणि लेक्चर ऐकताना विणलं तर चालतं का?

— क.

प्रिय क.,

गुंडाळून ठेवू नकोस. तुझं पत्र नीट वाचलं तर वेळेची टंचाई दिसते त्याहून जास्त एक वेगळीच गोष्ट दिसते: तुझी सहाही कामं अशा जागी थांबली आहेत जिथून ती सहज उचलता येत नाहीत. दहा मिनिटं मिळाली आणि त्यातली सहा मिनिटं ओळ शोधण्यात गेली, तर हात पुन्हा तिकडे वळतच नाही. विद्यार्थ्याच्या दिवसात बसणारं काम म्हणजे छोटं किंवा सोपं काम असं नाही. ते कुठेही थांबवता यायला हवं, आणि पुन्हा हातात घेतल्यावर दोन-चार सेकंदांत पुढचा टाका घालता यायला हवा. या एका कसोटीवर सहाही कामं पुन्हा पाहू.

सगळ्यात आधी एक सवय बदल. "बाहुली अवघड, मोजा सोपा" असा अख्ख्या कामाचा हिशेब करू नकोस, कामाचे टप्पे पाड. मोज्याचंच बघ. ६४ टाक्यांवर गोल गोल विणायची नळी म्हणजे डोळे मिटून होणारं काम. बसमध्ये, रांगेत, दोन तासांच्या मधल्या वेळात, कुठेही. टाच आली की मात्र तोच मोजा बदलतो: ३२ टाक्यांची पट्टी, मग आखूड ओळींनी (शेवटपर्यंत न जाता मधूनच परतणाऱ्या) टाचेचा खळगा, मग कडेचे टाके उचलणं. इथे दर ओळीत मोजणी आहे, मधेच थांबलं तर घोटाळा ठरलेला. टाच वळली आणि बाजूंची घट, म्हणजे टाके कमी करणं, संपली की तळपायाची नळी पुन्हा बिनडोक्याची, आणि बोटांपाशी पुन्हा मोजणी. म्हणजे एका मोज्यात पिशवीत टाकून फिरवायचे दोन टप्पे आहेत आणि निवांत बसून करायचे दोन. तुझा मोजा कुठे अडलाय ते तू लिहिलं नाहीस, पण टाचेशी अडला असेल अशी मला जवळपास खात्री आहे. मोजे तिथेच अडतात, कारण नळी संपते ती बसमध्ये आणि टाच सुरू करायची हिंमत तिथे होत नाही. आठवड्यातून एकदा दीड-दोन तास सलग मिळत असतील (तुला ते मिळतात, सध्या ते रात्री बारा ते दोन या वेळात जातात एवढंच), तर ते फक्त मोजणीच्या टप्प्यांसाठी राखून ठेव. साधी नळी विणण्यात तो वेळ घालवू नकोस, कितीही बरं वाटलं तरी.

टोप्यांचंही तेच झालंय. ८८ टाक्यांची सरळ उंची भराभर झाली, माथ्याशी घट सुरू करायची म्हटल्यावर दोन्ही कपाटात गेल्या. प्रत्यक्षात माथ्याचं काम फार थोडं आहे. ८८ टाक्यांचे ११-११ चे आठ भाग पाड, प्रत्येक भागाच्या सुरुवातीला खुणेची रिंग घाल. पहिल्या घटीच्या फेरीत प्रत्येक भागात ९ सुलट, २ एकत्र. टाके ८० झाले. एक फेरी साधी. मग ८ सुलट, २ एकत्र, पुन्हा एक साधी, असं करत शेवटी आठ टाके उरतात. दोरा १५ सेंमी ठेवून कापायचा, बोथट सुईने त्या आठ टाक्यांतून दोनदा ओवून घट्ट ओढायचा. सगळे मिळून हजाराच्या आतले टाके आहेत, मिनिटाला २५ टाके धरले तर पाऊण तास. अडचण एकच येते: फेरी आकसली की गोल सुईची केबल टाक्यांना लांब पडते, टाके ताणले जातात आणि पुढे सरकत नाहीत. साधारण ६४ टाके उरल्यावर दोन्ही टोकं टोकदार असलेल्या चार-पाच छोट्या सुयांवर टाके वाटून घे. तशा सुया नसतील तर ८० सेंमी किंवा त्याहून लांब केबल घ्यायची, निम्मे टाके पुढे, निम्मे मागे, आणि मधल्या फटीतून केबलची मोकळी कडी बाहेर काढून अर्धी-अर्धी फेरी विणायची. या रविवारी दोन्ही टोप्या उरकून टाक. सहाची चार कामं होतील आणि अडकलेली गोल सुई सुटेल. ती तुला पुढे लागणार आहे.

आता चौकोन. खरं तर तुझ्यासारख्या दिवसासाठी क्रोशाच्या चौकोनापेक्षा चांगलं काम नाही. मधल्या कडीत तीन-तीन खांबांचे (हुकावर वेढा घेऊन घातलेल्या उंच टाक्यांचे) चार गट, कोपऱ्यांना दोन-दोन साखळ्या, मग बाहेर वाढत जाणाऱ्या फेऱ्या. दहा-पंधरा मिनिटांत एक संपतो, संपला की संपला, लक्षात ठेवायला काही उरत नाही. पण तू प्रत्येक चौकोनात चार रंग घेतलेस, आणि तिथे हे काम तुझ्यावर उलटणार आहे. रंग बदलला की दोऱ्याची दोन टोकं येतात. चार रंगांची आठ. १०८ चौकोनांची ८६४ टोकं, शिवाय जोडणीची वेगळी. एक टोक नीट लपवायला एक मिनिट धर: चौदा तासांहून जास्त निव्वळ टोकं लपवणं, तेही सगळं शेवटी साचलेलं. अर्धी पांघरुणं याच जागी कायमची थांबतात. झालेले १९ चौकोन तसेच ठेव, उरलेले ८९ एकरंगी कर. चार रंगांचे १९ चौकोन एकरंगींमध्ये पसरून लावलेस तर मुद्दाम केलेली नक्षी वाटेल. एकरंगी चौकोनाला टोकं दोनच. सुरुवातीचं टोक पहिल्या फेरीच्या खांबांखाली धरून त्याच्यावरूनच विणत जा, ते तिथल्या तिथे लपतं. शेवटचं टोक १५ सेंमी ठेवून सुईने पाच-सहा सेंमी एका दिशेला आणि मग एक धागा सोडून उलट दिशेला ने. एकाच दिशेने ओवलेलं टोक धुण्यात बाहेर येतं. टोक लपवल्याशिवाय चौकोन "झाला" असं म्हणायचं नाही, हा नियम मात्र कडक पाळ. आठवड्याला पाच चौकोन झाले तर अठरा आठवडे लागतील. पांघरुणाला तारीख नाही, लागू देत.

बाहुली परीक्षा होईपर्यंत बाजूला ठेव. ती अवघड आहे म्हणून नाही. भरलेल्या बाहुलीत कापूस दिसू नये म्हणून लोकरीच्या मानाने बारीक हुक घेऊन टाके आवळून घालावे लागतात, आणि सगळा जोर अंगठा आणि मनगटावर येतो. दिवसभर लिहिणाऱ्या, टाईप करणाऱ्या हाताला तो जोर या आठ आठवड्यांत नको. ठेवताना फेरी पूर्ण करून ठेव. बाहुली एकसलग फिरत्या फेरीत विणली जाते, जोड दिसत नाही, त्यामुळे फेरीच्या पहिल्या टाक्यात खूण नसेल तर नंतर सुरुवात सापडत नाही. खूण आत्ता लाव आणि फेरीतले टाके मोजून चिठ्ठीवर लिही. डोकं सहाच्या पटीत वाढत असेल, ६, १२, १८, २४ असं, तर नुसत्या आकड्यावरून कितवी फेरी ते कळतं.

थांबण्याची रीत सुयांची वेगळी आणि क्रोशाची वेगळी. क्रोशात जिवंत, म्हणजे सुटला तर उसवेल असा, टाका एकच असतो. ती कडी चार-पाच सेंमी लांब ओढून सेफ्टी पिनमध्ये अडकवली की काम सुरक्षित. पिशवीत हुक निसटला तरी उसवत नाही. क्रोशात खरी गळती होते ती ओळीच्या टोकांना. खांबांच्या ओळीत सुरुवातीच्या तीन साखळ्या हा पहिला खांब मोजला जातो, त्यामुळे परतताना शेवटचा टाका त्या तिसऱ्या साखळीच्या माथ्यावर यायला हवा. तो हुकला की दर ओळीला एक टाका कमी होतो आणि चौकोनी कापड बघता बघता तिरकं होतं. मुक्या खांबाच्या, म्हणजे दोन वेढे एकदम ओढून काढायच्या आखूड टाक्याच्या ओळीत मात्र वळणाची एक साखळी मोजायची नसते. दमलेल्या डोक्याने हे दोन नियम एकमेकांत मिसळतात. दोन्ही टोकांच्या टाक्यांत रंगीत दोऱ्याची खूण ठेवलीस की मोजावंच लागत नाही.

सुयांवर सगळेच टाके जिवंत असतात, म्हणून शक्य तिथे ओळ पूर्ण करून थांब. पण बस थांब्यावर येते तेव्हा ओळ मधेच असते, त्याला इलाज नाही. अशा वेळी पुन्हा उचलताना एकच बघायचं: दोरा ज्या सुईवरच्या टाक्यातून निघालाय ती सुई उजव्या हातात. उलटी धरलीस तर तू आल्या वाटेने परत जाशील, एका बाजूला दोन ओळी जास्त होतील आणि मधे एक भोक पडेल. "मी तर काहीच चुकले नाही आणि कापड वाकडं कसं?" याचं उत्तर बहुतेक वेळा हेच असतं. सपाट कामालाही लांब सरळ सुयांऐवजी गोल सुई वापर, फेरी न जोडता नुसती पुढे-मागे विणत. कामाचं वजन केबलवर राहतं, शेजारच्याला कोपर लागत नाही, आणि थांबताना टाके केबलच्या मध्यावर सारून दोन्ही टोकांना रबरबँडचे वेढे दिले की पिशवी उलटी झाली तरी टाके गळत नाहीत. बांबूच्या सुया धातूच्या सुयांपेक्षा कमी वाजतात आणि टाका धरून ठेवतात. वाचनालयात, लेक्चरमध्ये त्याच बऱ्या.

ओळी डोक्यात ठेवायच्या नाहीत, कापडावर ठेवायच्या. दर दहाव्या ओळीला एका टाक्यात उघडमिट रिंग किंवा सेफ्टी पिन अडकव. शेवटच्या पिनेच्या वरचे टाके मोजले की झालं. मोबाइलवरची मोजणी चांगली, पण ती दाबायला विसरलं की कळत नाही, आणि मोबाइल हातात घेतला की दहा मिनिटं तिथेच जातात. पिशवी हाताच्या पंज्याहून थोडी मोठी पुरे. तिच्यात एकच काम, एकच गुंडा, बोथट सुई, छोटी कात्री, चार पिना, टेप आणि गळलेला टाका उचलायला एक हुक. नमुन्याची चिठ्ठीही तिथेच. दुसरं काम तिच्यात घालायचं नाही. दोन गुंडे एका पिशवीत गेले की निम्मा वेळ गुंता सोडवण्यात जातो.

लेक्चर ऐकताना विणणं चालतं, पण सगळ्या लेक्चरना नाही. ज्या तासाला हाताने लिहून घ्यायचं आहे, फळ्यावर गणित किंवा आकृती उलगडतेय, किंवा विषय पहिल्यांदाच समोर येतोय, तिथे सुया पिशवीत. हात टाके घालतील पण वही कोरी राहील. रेकॉर्ड केलेलं लेक्चर दुसऱ्यांदा ऐकताना, चर्चासत्रात, पाठ केलेलं मनात घोळवताना विणकाम छान जमतं, कारण हात गुंतलेले असले की ते मोबाइलकडे जात नाहीत. वर्गात बसून विणायचं असेल तर शिक्षकांना आधी विचार. बऱ्याच जणांना ते लक्ष नसल्यासारखं वाटतं आणि त्यांच्या जागी बसून पाहिलं तर ते चूकही नाही. काम मात्र फक्त नळी, सपाट सुलट किंवा चौकोन. वेणी, जाळी, घट-वाढ काहीही नको. काम पारखण्याची रीत सोपी आहे: विणता विणता एक वाक्य बोलून बघ. बोलताना हात थांबले तर ते काम ऐकताना करायचं नाही.

लोकर निवडायची वेळ येईल तेव्हा फिकट किंवा मध्यम रंगाची, गुळगुळीत, पिळदार घे. काळी, गडद निळी किंवा केसाळ लोकर रात्रीच्या दिव्यात टाके दाखवत नाही, आणि केसाळ लोकर तर उसवताही येत नाही, धागे एकमेकांत अडकतात. सुती दोरा ताणला जात नाही, त्यामुळे तो हाताला लवकर दमवतो. दोऱ्याचं लेबल टाकू नकोस. विद्यार्थी एकेक गुंडा करत विकत घेतात आणि रंगाचा लॉट, म्हणजे एका वेळी रंगवलेली खेप (तिचा नंबर लेबलावर असतो), बदलतो. दुकानात न दिसलेला फरक पाठीवर आडवी रेघ होऊन दिसतो. तसं झालंच तर जुन्या आणि नव्या गुंड्याने दोन-दोन ओळी आळीपाळीने विणून फरक मुरवता येतो, किमान आठ-दहा सेंमी.

हाताबद्दल जरा थांबून सांगते, कारण परीक्षेत तीन-तीन तास याच हाताने लिहायचंय. वीस-पंचवीस मिनिटांनंतर सुया खाली ठेव, बोटं पूर्ण उघडून ताण, मनगट हलक्या हाताने दोन्ही दिशांना वाकव. कोपर अधांतरी न ठेवता खाली उशीवर टेकव. अंगठा, तर्जनी, मधलं बोट यांत मुंग्या येत असतील, रात्री हात बधिर होऊन जाग येत असेल, तर "थोडी विश्रांती घेऊन बघू" असं करत आठवडे काढू नकोस. विणणं बंद कर आणि डॉक्टरांना दाखव. मोठ्या लेखी पेपरच्या आदल्या दिवशी हातांना सुट्टी दे.

"अजून एकच ओळ" या सवयीला मनाच्या निर्धाराने फरक पडत नाही, तिथे कापडावरच खूण लागते. बसण्याआधी ठरव की आज कुठपर्यंत, आणि सुरू करतानाच पहिल्या ओळीत पिन लाव. बारा ओळी ठरवल्यास तर पिनेपासून बारा मोजून झाल्या की सुयांना रबरबँड. शिवाय मोजणीचं काम रात्री दहानंतर हातात घेऊच नकोस. तेव्हा केलेल्या वेणीतला निम्मा भाग दुसऱ्या दिवशी उसवावा लागतो, मग त्या दोन तासांतून मिळालं काय? झोपण्याआधी हवंच असेल तर एक चौकोन घे. तो स्वतःच संपतो.

परीक्षेच्या दोन आठवडे आधी, म्हणजे आजपासून सहा आठवड्यांनी, चौकोनांची पिशवी सोडून बाकी सगळं बांधून ठेव. सुयांवरचे टाके सुयांवर ठेवून महिनाभर सोडू नकोस, विशेषतः ओळ मधेच असेल तर. सुईच्या टोकाशी असलेले टाके ताणून मोठे होतात आणि ती रेघ धुऊनही जात नाही. वेगळ्या रंगाचा गुळगुळीत सुती दोरा बोथट सुईत ओवून सगळे टाके त्यावर घे, दोन्ही टोकांना सैल गाठ मार आणि सुई काढून टाक. सोबत चिठ्ठी: सुईचा नंबर, किती टाके, कोणती ओळ झाली, पुढची ओळ काय, दोऱ्याचं लेबल. "पुढची ओळ काय" हे सगळ्यात महत्त्वाचं आणि तेच लिहायचं राहतं. परीक्षेच्या दोन आठवड्यांत जेवणानंतरची वीस मिनिटं चौकोन विणायला हरकत नाही. अपराधी वाटून घेऊ नकोस. पुस्तकातून डोळे वर काढून हाताने काहीतरी पुरं करणं ही विश्रांतीच आहे, आणि ती वीस मिनिटं मोबाइलवर गेली असती तर तू इतका विचार केला नसतास.

आता आईचा स्वेटर. आधी हरवलेले तीन टाके. रविवारी दिवसाउजेडी काम टेबलावर सुलट बाजू वर करून पसर. सुईवर वेण्यांच्या भागाच्या दोन्ही कडांना एकेक रिंग घाल आणि तिन्ही भाग वेगवेगळे मोज: ४३, २६, ४३ हवेत. कोणत्या भागात कमी भरतात ते लगेच कळेल. मधे कमी असतील तर प्रत्येक वेणीत सहा सुलट आणि चारही फटींत दोन-दोन उलट आहेत का बघ. वेणी वळवताना, म्हणजे काही टाके छोट्या जादा सुईवर बाजूला ठेवून दुसऱ्या टाक्यांवरून ओलांडताना, त्या सुईवरून टाका निसटणं ही नेहमीची गोष्ट. कुठे मोकळी कडी दिसली तर सगळ्यात आधी तिच्यात सेफ्टी पिन घाल, मग श्वास घे. साध्या भागातला गळलेला टाका उसवावा लागत नाही: सुलट बाजूने हुक त्या कडीत पुढून मागे घाल, तिच्यावरची पहिली आडवी तार पकडून कडीतून ओढ, असं एकेक पायरी चढत सुईपर्यंत ये. मोकळी कडी कुठेच नसेल तर कधीतरी दोन टाके एकत्र विणले गेलेत. साध्या भागात असतील तर उसवू नकोस. दोन टाक्यांमधली आडवी तार डाव्या सुईवर उचलून, पिळून सुलट विणली की एक टाका वाढतो. तिन्ही एकाच ओळीत न वाढवता चार-चार ओळींच्या अंतराने वाढव. तीन टाके म्हणजे रुंदीत जेमतेम दीड सेंमी, कुणालाही दिसणार नाही. वेणीत कमी असेल तर मात्र तिथपर्यंत उसव. तुटलेली वेणी दर वेळी नजरेत येते.

वेणी कितव्या ओळीवर आहे हे कापडच सांगतं. खालच्या दोन वळणांच्या मधे एका उभ्या रांगेतले व्ही आकाराचे टाके मोज. नमुना आठ ओळींचा असेल तर आठ यायला हवेत. सात किंवा नऊ आले तर मोजायला सुरुवात चुकीच्या टाक्यापासून होतेय. आठ येईल असा पहिला टाका शोध आणि शेवटच्या वळणाच्या वरही तिथूनच मोज. शिवाय वेणी नेहमी सुलट बाजूच्या ओळीत वळते. त्यामुळे सुलट बाजू समोर असेल तेव्हाच पुढच्या वळणाचा प्रश्न येतो आणि एका ओळीची शंका आपोआप मिटते. यापुढे दर वळणाच्या ओळीत एक पिन. आणि प्रत्येक आठवी ओळ संपली की आधाराचा दोरा: बारीक, गुळगुळीत, वेगळ्या रंगाचा सुती धागा सुईवरच्या सगळ्या टाक्यांतून ओवून तसाच राहू द्यायचा, रिंगांमधून मात्र न्यायचा नाही. पुढे काही बिघडलं तर सुई काढून बिनधास्त ओढायचं, कापड त्या दोऱ्याशी थांबतं. तीन मिनिटांचं काम आहे, पण त्यामुळे हा स्वेटर थांबवता येणाऱ्या कामांत येतो.

शेवटी वेळेचा हिशेब, आणि इथे तुला एक गोष्ट सोडून द्यायला सांगणार आहे. १० सेंमीला २२ टाके आणि ३० ओळी धरल्या तर ६० सेंमीची पाठ सुमारे २० हजार टाक्यांची, पुढचा भाग १९ हजारांच्या आसपास, दोन बाह्या मिळून साधारण तेवढ्याच. एकूण ५८ हजार. तुझे आठेक हजार झालेत, पन्नास हजार उरले. मिनिटाला २५ च्या गतीने तेहेतीस तास, आणि वेण्या, शिवण, गळा धरून चाळीस. परीक्षेपूर्वीच्या सहा आठवड्यांत आठवड्याला अडीच तास म्हणजे पंधरा, परीक्षेनंतरच्या चार आठवड्यांत रोज एक तास म्हणजे अठ्ठावीस. त्रेचाळीस तासांत चाळीस तासांचं काम. एक चूक, एक ताप, एक प्रवास, आणि वाढदिवस गेला. म्हणून तो बिनबाह्यांचा कर. बारा-तेरा तास आणि बाह्यांची शिवण एकदम वाचते, आणि मधल्या वेण्या तेवढ्याच उठून दिसतात. बगलेची घट नमुन्यात आहे तशीच ठेव. खांदे आणि बाजू शिवल्यावर बगलेच्या कडेने दर चार ओळींमागे तीन टाके उचल; सगळ्या ओळींतून उचललेस तर पट्टी झालरीसारखी फुलते, दोनात एक उचललास तर बगल आखडते. एक सुलट एक उलट, अडीच सेंमी पट्टी, आणि टाके बंद करताना अर्ध्या मिमीने जाड सुई घे, नाहीतर हात घालताना कड काचते.

परीक्षेनंतर हातात घेशील तेव्हा पहिल्या दहा ओळी झाल्या की टेप लाव. ताणातून आलेला हात आवळून विणतो. १० सेंमीत २२ ऐवजी २४ टाके भरायला लागले तर सुई अर्ध्या मिमीने जाड कर, त्या दहा ओळी उसवून पुन्हा घाल. बाह्यांची म्हणून घेतलेली लोकर, म्हणजे एकूण लोकरीचा जवळजवळ तिसरा हिस्सा, लेबलासकट तशीच ठेव. आईला पुढे बाह्या हव्याशा वाटल्या तर पट्टी उसवून त्याच कडेवरून टाके उचलता येतील आणि खांद्यापासून मनगटाकडे विणत जाता येईल. रंगाचा लॉट तोच असल्यामुळे जोड ओळखूही येणार नाही.